लगाम सुटलेला शनिवार

शीतयुद्धाच्या काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांशी थेट लढले नाहीत, याचं श्रेय बहुतेक वेळा अण्वस्त्रांना दिलं जातं. दोघांकडेही समोरच्याला भस्म करण्याची ताकद होती, म्हणून पहिला हात कोणीच उगारला नाही, असा हा 'डिटरन्स'चा, म्हणजे धाकाने रोखण्याचा सिद्धांत. त्याचंच आक्रमक रूप म्हणजे 'ब्रिंकमनशिप': युद्धाच्या कड्यापर्यंत जायचं आणि समोरचा आधी मागे हटेल यावर भिस्त ठेवायची. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी १९५६ मध्ये या कौशल्याची उघड भलामण केली होती. दोन्ही सिद्धांत एकाच गृहीतावर उभे आहेत. कड्यावर उभ्या असलेल्या नेत्याच्या हातात सगळी सूत्रं असतात, हे ते गृहीत. शनिवार, २७ ऑक्टोबर १९६२ या एका दिवसाने ते खोटं पाडलं.

त्याआधीचे बारा दिवस थोडक्यात असे. १४ ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-२ या टेहळणी विमानाने क्युबात उभी राहत असलेली सोव्हिएत क्षेपणास्त्रांची ठाणी टिपली. १६ तारखेला सकाळी ती छायाचित्रं अध्यक्ष जॉन केनेडी यांच्यापुढे आली. निवडक सल्लागारांची 'एक्सकॉम' ही समिती बसली. २२ तारखेला केनेडींनी टीव्हीवरून देशाला हे सांगितलं आणि क्युबाकडे जाणाऱ्या शस्त्रवाहू जहाजांना समुद्रात अडवण्याचा निर्णय जाहीर केला. नाकेबंदी ही आंतरराष्ट्रीय कायद्याने युद्धाची कृती ठरते, म्हणून या कारवाईला 'क्वारंटाइन' असं नाव दिलं गेलं. २४ तारखेला अमेरिकेचं सामरिक हवाई दल 'डेफकॉन २' या पातळीवर गेलं. ही प्रत्यक्ष युद्धाच्या अलीकडची शेवटची पायरी. दलाचे प्रमुख जनरल थॉमस पॉवर यांनी आपल्या तळांना त्याचा संदेश सांकेतिक न करता साध्या भाषेत दिला. मॉस्कोला तो सहज ऐकू जाणार होता.

पुढच्या सगळ्या वेळा वॉशिंग्टनच्या आहेत. भारतातलं घड्याळ त्या शनिवारी साडेनऊ तास पुढे होतं.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६

सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांचं पत्र तुकड्या-तुकड्यांनी वॉशिंग्टनला येऊ लागलं. मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीत ते त्याच दिवशी पोचलं होतं, पण भाषांतर करणं, सांकेतिक लिपीत घालणं, तारेने पाठवणं आणि पुन्हा उलगडणं यात कित्येक तास गेले. पत्र लांबलचक होतं आणि भावनेच्या भरात लिहिलेलं होतं. सांगणं मात्र सरळ होतं: क्युबावर आक्रमण करणार नाही असं वचन द्या, मग आमची शस्त्रं तिथे राहण्याचं कारण उरणार नाही. एक्सकॉमची मंडळी त्या रात्री थोडी आश्वस्त होऊन झोपायला गेली.

मध्यरात्रीनंतर

हवानात क्युबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो जागे होते. एक ते तीन दिवसांत अमेरिकेचा हल्ला होणार, अशी त्यांची खात्री झाली होती. सोव्हिएत वकिलातीत बसून, राजदूत अलेक्सेयेव्ह यांच्यासमोर, खाडाखोड करत त्यांनी ख्रुश्चेव्ह यांच्या नावे पत्र लिहवून घेतलं. अमेरिका क्युबावर चाल करून आली, तर तिला पहिला अण्वस्त्रहल्ला करण्याची संधी कधीच देऊ नका, असं त्यात होतं. त्याच रात्री क्युबाच्या पूर्व टोकाला सोव्हिएत सैनिक अंधारातून अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रं ग्वांतानामो इथल्या अमेरिकी नौदल तळाच्या टप्प्यात आणून ठेवत होते. अमेरिकेला त्यांचा अण्वस्त्रांशी संबंध असल्याचा पत्ताच नव्हता.

पहाटे ४

अलास्कातल्या आयल्सन तळावरून कॅप्टन चार्ल्स मॉल्सबी यांचं यू-२ उत्तर ध्रुवाकडे निघालं. सोव्हिएत अणुचाचण्यांची किरणोत्सारी धूळ वरच्या हवेतून गोळा करायची, हे त्यांचं काम. क्युबाशी त्याचा काहीही संबंध नव्हता. ठरलेलं उड्डाण होतं, आणि ते या आठवड्यात थांबवायला हवं हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. ध्रुवाजवळ होकायंत्र कामाचं राहत नाही. ताऱ्यांवर नेम धरून दिशा ठरवावी लागते. त्या रात्री आकाशात ध्रुवीय प्रकाशाचे झोत नाचत होते आणि मॉल्सबींना तारे धड दिसेनात. परतताना ते वाट चुकले.

सकाळी ९

मॉस्को रेडिओवरून ख्रुश्चेव्ह यांचं दुसरं पत्र जाहीरपणे वाचलं जाऊ लागलं. सूर बदलला होता आणि मागणी वाढली होती. तुर्कस्तानातली अमेरिकी 'ज्युपिटर' क्षेपणास्त्रंही हटवा, असं आता म्हटलं होतं. तिथे ठेवलेली ही १५ क्षेपणास्त्रं जुनाट होती आणि लष्करीदृष्ट्या फारशी उपयोगाचीही नव्हती, पण ती नाटोच्या वचनाची खूण होती.

सकाळी ९.०९

फ्लोरिडातून मेजर रुडॉल्फ अँडरसन यांचं यू-२ क्युबाकडे उडालं. ते ३५ वर्षांचे होते, दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलचे. क्युबावरच्या या टेहळणी मोहिमेत त्यांनी आधीही उड्डाणं केली होती.

सकाळी १०

एक्सकॉमची बैठक सुरू झाली आणि थोड्याच वेळात केनेडींच्या हातात वृत्तसंस्थेचं कात्रण आलं. ख्रुश्चेव्हचं जाहीर पत्र त्यांना असं बातमीतून कळलं. सल्लागारांचा सूर एकच होता: तुर्कस्तानचा सौदा केला, तर मित्रराष्ट्रांचा विश्वास उडेल. या बैठका केनेडींनी गुपचूप ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या, म्हणून त्यांचं उत्तर आज आपल्याला ठाऊक आहे. जगातल्या कुठल्याही समंजस माणसाला हा सौदा रास्तच वाटेल आणि तो नाकारून युद्ध केलं तर आपल्याला ते समर्थनीय ठरवता येणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. त्या खोलीत हे म्हणणारे ते जवळपास एकटे होते.

सकाळी ११.१९

पूर्व क्युबातल्या बानेस गावाजवळ सोव्हिएत एस-७५ क्षेपणास्त्राने अँडरसन यांचं विमान सुमारे २१ किलोमीटर उंचीवर पाडलं. अँडरसन जागीच गेले. या संपूर्ण पेचप्रसंगात शत्रूच्या माऱ्यात मेलेले ते एकमेव अमेरिकी.

विमान पाडण्याचा हुकूम ख्रुश्चेव्ह यांनी दिला नव्हता. सोव्हिएत रडार तासभर त्या विमानाचा माग काढत होतं. विमान ग्वांतानामोच्या बाजूची नवी ठाणी टिपून बेटाबाहेर निसटण्याच्या बेतात होतं. क्युबातले सोव्हिएत सेनापती जनरल प्लियेव्ह यांच्याशी संपर्क होईना. तेव्हा त्यांचे दोन कनिष्ठ जनरल, ग्रेच्को आणि गार्बुझ, यांनी आपसांत ठरवून मारा करायला सांगितलं. नंतर मॉस्कोने घाई केल्याबद्दल कानउघाडणी केली, पण बाण सुटून गेला होता. आणि वॉशिंग्टनमध्ये आधीच असं ठरलं होतं की यू-२ पाडलं गेलं, तर त्या क्षेपणास्त्र ठाण्यावर ताबडतोब हवाई हल्ला करायचा.

दुपारी १२

मॉल्सबी सोव्हिएत हद्दीत शिरले होते. खाली चुकोत्का द्वीपकल्प होता. रेडिओवर त्यांना रशियन संगीत ऐकू आलं तेव्हा आपण कुठे आहोत याचा त्यांना अंदाज आला. सोव्हिएत मिग विमानं त्यांना गाठायला उडाली. मॉल्सबींच्या बचावासाठी अलास्कातून अमेरिकेची एफ-१०२ विमानं निघाली. सतर्कतेची पातळी वाढवलेली असल्यामुळे या विमानांवर त्या आठवड्यात साध्या क्षेपणास्त्रांच्या जागी अण्वस्त्रवाहू 'फाल्कन' बसवलेली होती. एकट्या बसलेल्या वैमानिकाने ते डागायचं ठरवलं असतं, तर त्याला प्रत्यक्षात अडवणारं फारसं काही नव्हतं.

सोव्हिएत नजरेतून हे कसं दिसलं असेल? युद्धाच्या कड्यावर, अण्वस्त्रहल्ल्याआधीची शेवटची पाहणी करणारं विमान असंच कोणीही धरून चाललं असतं. मृग नक्षत्राचा पट्टा विमानाच्या कुठल्या बाजूला दिसतो, हे विचारून अमेरिकी दिशादर्शकाने मॉल्सबींना रेडिओवरून वळण सांगितलं. इंधन संपत आलं तेव्हा त्यांनी इंजिन बंद केलं आणि विमान तरंगत आणून दुपारी अडीचच्या सुमारास अलास्काच्या किनाऱ्यावर कोत्झेब्यू इथे उतरवलं. मिगना त्यांची उंची गाठता आली नव्हती. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांना ही बातमी विमान अजून हवेत असताना कळली. हुकूम न पोचलेला एखादा महाभाग नेहमीच असतो, असं केनेडी चिडून म्हणाले.

दुपारी ४

एक्सकॉम पुन्हा बसली. अँडरसनचं विमान पाडलं गेल्याची खात्री याच बैठकीत झाली. सेनाप्रमुखांची शिफारस तयार होती: सोमवारपर्यंत क्युबावर मोठा हवाई हल्ला आणि त्यामागून आक्रमण. विमान पाडलं तर त्या ठाण्यावर प्रतिहल्ला करायचा, हा आपलाच निर्णय केनेडींनी थांबवून धरला. पहिल्या पावलाची त्यांना तेवढी धास्ती नव्हती. दोन्ही बाजू चौथ्या-पाचव्या पावलापर्यंत जातील आणि सहाव्याला कोणी उरणार नाही, याची होती.

मग पत्राचं काय? मॉस्कोत राजदूत राहून आलेले लुएलिन थॉम्पसन ख्रुश्चेव्हना जवळून ओळखत होते. आपण क्युबाला वाचवलं, एवढं सांगता आलं तरी ख्रुश्चेव्ह मागे येतील, असं त्यांनी अध्यक्षांना तोंडावर विरोध करून सांगितलं. जाहीर उत्तर पहिल्या पत्राला द्यायचं, असं ठरलं.

संध्याकाळी ५

सर्गासो समुद्रात अमेरिकी विनाशिका 'बील' आणि तिच्यामागून 'कोनी' पाण्याखालच्या एका सोव्हिएत पाणबुडीवर सरावाचे छोटे बॉम्ब टाकू लागल्या. वर येऊन ओळख दे, असा त्याचा अर्थ. हे संकेत अमेरिकेने मॉस्कोला कळवले होते, पण मॉस्कोकडून ते पाणबुड्यांपर्यंत गेलेच नव्हते.

ही पाणबुडी होती बी-५९, १ ऑक्टोबरला कोला द्वीपकल्पातून निघालेल्या चार डिझेल पाणबुड्यांपैकी एक. उत्तरेच्या थंड समुद्रासाठी बांधलेली ही बोट कोमट पाण्यात दिवस काढत होती. आत पारा ४५ अंशांच्या वर होता आणि इंजिनांजवळ ६० च्या आसपास. बॅटऱ्या संपत आल्या होत्या. कार्बन डायऑक्साइड वाढल्याने माणसं घेरी येऊन पडत होती. प्यायला पाणी मोजून मिळत होतं. मॉस्कोशी संपर्क नव्हता आणि बाहेर एकामागून एक स्फोट होत होते. एका नळीत अण्वस्त्राचा टॉर्पेडो होता, हे वरच्या अमेरिकी खलाशांना माहीत नव्हतं.

पाणबुडीवरचे रेडिओ-टेहळणी अधिकारी वादिम ऑर्लोव्ह यांनी नंतर दिलेल्या साक्षीप्रमाणे कप्तान व्हॅलेंटिन साविट्स्की यांचा तोल सुटला. वर कदाचित युद्ध पेटलंही असेल, असं म्हणून त्यांनी तो टॉर्पेडो सज्ज करायला सांगितलं. त्यांच्याशेजारी वासिली आर्खिपोव्ह होते, या पाणबुडी ताफ्याचे चीफ ऑफ स्टाफ. वर्षभरापूर्वी के-१९ या अणुपाणबुडीची अणुभट्टी बिघडली तेव्हा ते तिच्यावर होते आणि किरणोत्सारात होरपळून मेलेले सोबती त्यांनी पाहिले होते. त्यांनी साविट्स्कींना शांत केलं. हा प्रसंग नेमका केव्हा घडला याबद्दल साक्षी वेगवेगळ्या आहेत. एकीत तो पाण्याखालचा आहे, दुसरीत पाणबुडी वर आल्यानंतरचा, विमानांच्या झगझगाटातला. दोन्हींत हुकूम रोखणारा माणूस एकच आहे.

संध्याकाळी ७.४५

न्याय खात्याच्या इमारतीत अध्यक्षांचे भाऊ आणि अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रिनिन यांना भेटले. क्युबावर आक्रमण न करण्याचं वचन जाहीरपणे द्यायची तयारी त्यांनी सांगितली. दोब्रिनिन यांनी तुर्कस्तानचा विषय काढला. ती क्षेपणास्त्रं चार-पाच महिन्यांत निघतील, रॉबर्ट म्हणाले, पण हे कागदावर येणार नाही आणि तुम्ही बोललात तर आम्ही नाकारू. उत्तर उद्याच हवं, हेही त्यांनी सांगितलं. या तोंडी वचनाची माहिती एक्सकॉममधल्या मोजक्याच लोकांना होती. उरलेल्यांना अध्यक्ष किती मागे आले आहेत, हे ठाऊकच नव्हतं.

दोब्रिनिन यांनी भेटीचा वृत्तान्त सांकेतिक तारेने पाठवला. त्या काळी वॉशिंग्टनमधला सोव्हिएत राजदूत आपली तार वेस्टर्न युनियन या खासगी तार कंपनीमार्फत पाठवत असे. न्यायला कंपनीचा पोऱ्या सायकलवरून यायचा. त्याने वाटेत कुठे रेंगाळू नये, अशी प्रार्थना करण्यापलीकडे आपल्या हातात काही नसे, असं दोब्रिनिन यांनी पुढे सांगितलं.

रात्री ८.५०

बी-५९ पृष्ठभागावर आली. विनाशिकांचे झोत तिच्यावर पडले, विमानं वरून घिरट्या घालत राहिली. पाणबुडीने बॅटऱ्या भरून घेतल्या.

रात्री ९

एक्सकॉमची दिवसातली शेवटची बैठक. हवाई दलाच्या राखीव पथकांतल्या सुमारे १४,००० जणांना बोलावणं धाडायचं ठरलं. आपण पुढचा शनिवार पाहू की नाही, हा विचार त्या संध्याकाळी मनात आला होता, असं मॅकनमारा आयुष्यभर सांगत राहिले.

रविवार, २८ ऑक्टोबर, सकाळी ९

मॉस्कोबाहेरच्या सरकारी बंगल्यावर जमलेल्या नेत्यांपुढे दोब्रिनिन यांचा वृत्तान्त वाचला गेला होता. पाडलेलं विमान, हरवलेलं विमान, कॅस्ट्रोंचं पत्र, हे सगळं ख्रुश्चेव्हना एकाच वेळी कळलं. सूत्रं हातातून जात आहेत, हे त्यांनाही उमगलं. त्यांचं उत्तर राजनैतिक मार्गाने पोचायला वेळ लागला असता, म्हणून ते थेट मॉस्को रेडिओवर वाचलं गेलं: क्युबातली क्षेपणास्त्रं उखडून परत नेली जातील. कॅस्ट्रोंना ही बातमी इतरांसारखीच कळली. ते संतापले.

नंतर कळलेलं

पुढची तीस वर्षं या घटनेचा एकच धडा शिकवला गेला: केनेडी खंबीर राहिले, ख्रुश्चेव्ह वाकले. ज्युपिटर १९६३ च्या एप्रिलमध्ये निघाली, पण सौद्याची वाच्यता झाली नाही. खंबीरपणाने जिंकता येतं, ही समजूत त्यामुळे अमेरिकेच्या धोरणात मुरली.

खरी स्थिती हळूहळू उघड झाली. १९९२ मध्ये हवानात तेव्हाचे अमेरिकी, सोव्हिएत आणि क्युबन अधिकारी एकत्र बसले. क्युबात चाळीस हजारांहून जास्त सोव्हिएत सैनिक होते, हे तोवर पुढे आलं होतं. अमेरिकी अंदाज त्याच्या कितीतरी खालचा होता. मोठ्या क्षेपणास्त्रांखेरीज रणांगणावर वापरायची जवळपास शंभर छोटी अण्वस्त्रंही बेटावर होती. सोमवारी किंवा त्यानंतर अमेरिकी सैन्य किनाऱ्यावर उतरलं असतं, तर त्यांच्या माऱ्यात सापडलं असतं. मॅकनमारा हे ऐकून हादरले. आर्खिपोव्ह यांचं नाव जगाला कळलं ते २००२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

अमेरिकेकडे तेव्हा सोव्हिएत संघाच्या कित्येक पट अण्वस्त्रं होती. त्या शनिवारी या वरचढपणाचा काय उपयोग झाला? हरवलेला वैमानिक, न सापडणारा सेनापती, न पोचलेली सूचना, उकाड्याने बेभान झालेला कप्तान: यांपैकी एकालाही धाकाचा सिद्धांत आवरू शकत नव्हता. जग वाचलं ते काही माणसांनी हातातली शक्ती वापरली नाही म्हणून, आणि दोन्ही नेत्यांनी प्रतिष्ठा बाजूला ठेवून सौदा केला म्हणून. त्यांनाही ते कळलं होतं. जून १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट 'हॉटलाइन' जोडण्याचा करार झाला आणि ऑगस्टमध्ये हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या अणुचाचण्यांवर बंदीचा करार.

भारतात याच दिवसांत दिवाळी होती आणि चिनी सैन्य २० ऑक्टोबरपासून नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) व लडाखमध्ये घुसत होतं. क्युबाच्या पेचात चीनची साथ हवी असलेल्या मॉस्कोने २५ तारखेला 'प्रावदा' या आपल्या वृत्तपत्रातून चीनची बाजू उचलून धरली. पेच सुटल्यावर तोच सूर मवाळ झाला. महासत्तांच्या या पेचाचे पडसाद असे आपल्या सीमेपर्यंत पोचले होते.

आज आपण अण्वस्त्रांच्या या खेळाचे नुसते प्रेक्षक नाही. भारत आणि पाकिस्तान दोघेही १९९८ पासून उघडपणे अण्वस्त्रधारी आहेत आणि इस्लामाबाद-दिल्ली अंतर क्षेपणास्त्राला काही मिनिटांचं आहे. ९ मार्च २०२२ रोजी भारताचं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. कोणी दगावलं नाही. त्या दिवशी सीमेवर तणाव नव्हता, हे आपलं नशीब. तणावाच्या दिवशी तेच घडलं असतं तर?

दोन्ही देशांच्या लष्करी मुख्यालयांत हॉटलाइन आहे, अणुकेंद्रांच्या याद्या दर १ जानेवारीला एकमेकांना दिल्या जातात, बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांची पूर्वसूचना देण्याचा २००५ चा करारही आहे. क्रूझ क्षेपणास्त्रं मात्र त्या कराराबाहेर आहेत. हे छिद्र बुजवायला हवं आणि संबंध कितीही बिघडले तरी बोलण्याची तार तुटता कामा नये. टीव्हीच्या पडद्यावरून जेव्हा कोणी अणुबॉम्बची भाषा करील, तेव्हा त्याला टाळ्या देऊ नका. १९६२ साली जग वाचलं ते मागे हटायची हिंमत असलेल्या माणसांमुळे. तशीच हिंमत आपण आपल्या नेत्यांकडे मागितली पाहिजे.